‘सुखाची सनद’ आणि माझं परीक्षण

मी आयुष्यात एकच चित्रपट-परीक्षण लिहिलं. पुण्याचे लोक दर आठवड्याला लिहितात, वर्षानुवर्षं लिहितात, आणि रविवारी सकाळी तोच पेपर मांडीवर पसरून निवांत चहा पितात. मी एकदाच लिहिलं, आणि तीन आठवडे मला भोरात धड न्हाव्याकडे जाता येईना.

मी सरकारी नोकर आहे. कुठल्या खात्यात ते सांगत नाही. सांगायला परवानगी लागते, आणि परवानगीचा अर्ज ज्या साहेबांच्या सहीने वर जातो ते साहेब ह्या हकिकतीत पुढे येणारच आहेत. एवढंच सांगतो, की संस्थान होतं तेव्हा मी कारकून होतो आणि ते विलीन झालं तेव्हाही कारकूनच राहिलो. राज्यं येतात, जातात. आवक-जावक चालू राहते.

साहित्याशी माझा संबंध म्हणाल तर एका पत्रापुरता. आमच्याकडे आनंदराव म्हणून एक गृहस्थ ‘नीराकाठ’ नावाचं साप्ताहिक काढतात. संपादक तेच, वार्ताहर तेच, आणि गुरुवारी अंकाच्या घड्या घालायलाही तेच बसतात. त्यांच्या अंकात मी ‘बाजारपेठेतील म्हशींचा उपद्रव’ ह्या विषयावर एक पत्र लिहिलं होतं. त्यात म्हशींना मी ‘संथगामिनी’ म्हटलं होतं. लोकांना ते फार आवडलं. म्हशी होत्या तिथेच राहिल्या, पण माझं नाव झालं.

पंचावन्न सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. एका मंगळवारी आनंदराव कचेरीत आले आणि माझ्या टेबलाला टेकून उभे राहिले.

“सावळाराम, येत्या रविवारी ‘सुखाची सनद’ आपल्याकडे लागतोय. शेवटचं पान तुम्हाला दिलं.”

“मला? मला सिनेमातलं काय कळतं?”

“म्हशींतलं काय कळत होतं? लिहिलंतच की!”

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मनातून मला गुदगुल्या झाल्या होत्या.

‘सुखाची सनद’ म्हणजे भोरकरांच्या दृष्टीने नुसता सिनेमा नव्हता. आदल्या हिवाळ्यात ती कंपनी राजगडच्या पायथ्याशी, गुंजवण्याला, पंधरा दिवस तळ देऊन होती. चित्रपट पेशवाईतला, म्हणून पगड्या, समया, अत्तरदाण्या, तक्के असं सगळं सामान भोरच्या घराघरांतून गेलं होतं. आमचे शेजारी चिमाजीअप्पा संस्थानच्या खाजगीत हुजऱ्या होते. आता निवृत्त. ते स्वतःच्या पगडीसकट कॅमेऱ्यापुढे उभे राहून आले होते. आमच्या साहेबांनी शूटिंगच्या जागेची परवानगी एका दिवसात मिळवून दिली होती. मला माझ्या बहिणीच्या लग्नाची रजा त्याच साहेबांकडून मिळायला एकोणीस दिवस लागले होते, पण ते असो. कलेला घाई असते, बहिणीला नसते.

पुण्यात चित्रपट तुफान चालला होता. म्हणून कंपनीने उपकाराची फेड म्हणून भोरला एक खास खेळ द्यायचं ठरवलं. थिएटर नव्हतंच. नवं भात यायला अवकाश होता, तेव्हा पेठेतलं भाताचं गोदाम रिकामं होतं. खिडक्यांना गोणपाटं ठोकली, मागे इंजिन धडधडायला लागलं, आणि रविवारी दुपारी तीन वाजता गोदामात अंधार झाला. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. मला समीक्षक म्हणून खुर्ची होती. त्या खुर्चीचा एक खिळा वर आलेला होता. मी टेकलो आणि त्याने माझं धोतर जे धरलं ते ‘समाप्त’ येईपर्यंत सोडलं नाही.

कथा सांगतो. एक किल्लेदार असतो. देहाने हत्ती, मनाने लोणी. त्याला भूक फार. गडाखालचं गाव इतकं सुखी, की माणसं पेरणीला जाताना हसतात, सारा भरताना हसतात, आणि किल्लेदाराने जेवता जेवता त्यांच्या घरातलं तूप संपवलं तर कौतुकाने डोळे पुसतात. शेवटी किल्लेदाराच्या मुलीचं लग्न लागतं आणि तो दवंडी पिटवतो, की आजपासून ह्या मुलखात कोणी रडायचं नाही, ही सनद. सगळे नाचतात. मी संस्थानात चौदा वर्षं नोकरी केली. लोक सारा भरताना हसतात हे मी तरी पाहिलं नव्हतं. पण गोदामात बसलेलो असताना ते मला आठवलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. चिमाजीअप्पा पडद्यावर दिसले तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या चिमाजीअप्पांनी माझा दंड असा दाबला, की चार दिवस हिरवा होता. आणि मीही ओरडलो, “अप्पा, अप्पा!”

मग ते पालखीचं गाणं आलं. चार भोई किल्लेदाराला पालखीत घालून चढण चढतायत. गाणं फक्कड आहे, चाल उडती आहे. किल्लेदार आत लाडू खातोय. एकाएकी पुढचा डावा भोई घसरतो, पालखी कलंडते, आणि किल्लेदार चेंडूसारखा घरंगळत जाऊन गवताच्या गंजीत घुसतो. बाहेर नुसते पाय. इकडे तो भोई गुडघ्यावर बसलेला, तोंडाचा आ, डोळे पांढरे, किल्लेदाराच्या पायांकडे बघतोय, मग सरळ आपल्याकडे बघतोय.

गोदामाचे पत्रे वाजले म्हणजे वाजले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. लोकांनी “पुन्हा! पुन्हा!” असा गिल्ला केला आणि मशीनवाल्याने फीत मागे घेऊन तेवढा भाग पुन्हा दाखवला. मी पुन्हा हसलो. पहिल्यापेक्षा जास्त, कारण आता काय होणार ते माहीत होतं.

खेळ सुटला. फाटलेलं धोतर एका हाताने सावरत मी बाहेर आलो, तर गोदामाच्या पडवीला एक माणूस काठीवर रेलून उभा. त्याला कुठेतरी पाहिलंय असं वाटलं, आणि एकदम ओळखलं. गुंजवण्याचा रखमाजी. दाखल्यांसाठी दोन-चारदा माझ्या टेबलाशी आलेला. आणि आत्ता पडद्यावर पडलेला भोईही तोच!

“रखमाजी, अहो ते तुम्हीच की!”

“व्हय भाऊसाहेब. म्याच त्यो.”

“काय पडलात हो! वा! भल्याभल्या नटांना जमणार नाही. सराव किती दिवस केलात?”

रखमाजीने काठी दुसऱ्या हातात घेतली. त्याच्या मागून त्याची बायको, बाळाबाई, पुढे आली.

“सराव कशाचा, भाऊसाहेब? पाय मोडला न्हवं का त्यांचा. वाटीच फुटली गुडघ्याची. तवाधरनं असंच हाय.”

 रखमाजी जणू दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसा म्हणाला, “सा येळा चढून झालं व्हतं. त्यो मानूस काय पालखीतनं उतरंना. साव्या येळंला मी म्हनलं, पाय कापाय लागल्यात. त्यी म्हनली, एकडाव अजून. सातव्याला दगूड हालला. म्या वरडलो. वाटलं, आता ह्ये थांबत्यात. तर त्यो टोपीवाला डायरेक्टर लई खूस झाला. म्हनला, झकास, ह्येच ऱ्हाऊ द्या.”

“पर येवडी समदी हासली कशापायी वं?” बाळाबाईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळलं नव्हतं. “दोनदा दावलं, दोनदा हासली. तुमी बी हासत व्हता. म्या बघितलं तिकडनं.”

मी धोतराकडे बघत घरी आलो.

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. गेलं. पण दुसऱ्या दिवशी कागद पुढे ओढला तेव्हा म्हशींच्या वेळी सुचलं होतं तसलं काही सुचेना. मी परीक्षण लिहितोय ही बातमी लागताच सल्ले सुरू झाले. चिमाजीअप्पा सकाळीच ओसरीवर येऊन बसले.

“पगडीवर एक वाक्य पाहिजे. ‘अस्सल संस्थानी घाटाची पगडी’ असं. नाव नका घालू माझं. लोकांना कळेलच.”

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्या माणसाच्या गुडघ्याचं लिहिणार आहात ना?”

“लिहिणार म्हणजे काय! तेच तर लिहायचंय.”

“आणि तुम्ही हसलात ते?”

“ते कशाला?”

“मग नका लिहू,” ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. भाकरीच्या त्या आवाजात माणसाला विचार करता येत नाही. मी हसलो तेही लिहिलं.

अकरा पानं झाली. पहिली सात हास्यरसाच्या मीमांसेत गेली होती. ती मला फार आवडली होती. आनंदरावांनी ती सातच्या सात काढून टाकली. “जागा नाही. मलमाची जाहिरात आलीय.” उरलं ते दीड स्तंभ. त्यातले दोन तुकडे इथे द्यावेच लागतील, कारण पुढचं रामायण त्यांच्यावरून झालं. एक असा: ‘हा चित्रपट असा आहे, की शेवटपर्यंत खुर्चीवरून उठवत नाही, कारण गोदामातील खुर्च्यांचे खिळे वर आले असून प्रेक्षकाचे धोतर त्यांत अडकून बसते.’ आणि दुसरा शेवटी होता: ‘पालखीवाल्या रखमाजींच्या त्या पडण्याला तोड नाही, कारण ते पडणे खरे आहे. एका माणसाचा गुडघा डोळ्यांदेखत मोडतो आणि आपण पोट धरून हसतो. प्रस्तुत लेखकही हसला. हा विनोद नव्हे, ही आपणां सर्वांची फजिती आहे.’

गुरुवारी अंक निघाला. शुक्रवारी मी न्हाव्याकडे गेलो. त्याने अर्धं डोकं केलं आणि वस्तरा खाली ठेवून म्हणाला, “भाऊसाहेब, आपल्या गावचा पिक्चर वाईट?” मी समजावून सांगायला लागलो, तर दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणून तो उठला. उरलेलं अर्धं डोकं मी टोपीखाली झाकून घरी आणलं. गोदामाचे मालक खिळ्यांबद्दल भांडायला आले. ज्यांच्या समया सिनेमात होत्या त्या बाईंनी हिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. चिमाजीअप्पांनी तर बोलणंच टाकलं. पगडीला वाईट म्हटलं असतं तर ते समजू शकत होते. मी पगडीबद्दल काहीच म्हटलं नव्हतं, हे त्यांना सहन झालं नाही.

सगळं गाव बोललं. खिळ्यांवर बोललं, गावाच्या अब्रूवर बोललं, माझ्या शिष्टपणावर बोललं. गुडघ्याचं काय झालं, असं एकानेही विचारलं नाही.

सोमवारी साहेबांनी आत बोलावलं. अंक त्यांच्यासमोर होता. लाल पेन्सिलीने एक शब्द अधोरेखित केलेला होता.

“सावळाराम, चित्रपटाच्या सुरुवातीला आभार आहेत. त्यात कोणाचं नाव आहे?”

“आपलं, साहेब.”

“बरं. मग ‘आपणां सर्वांची फजिती’ ह्यातले ‘सर्व’ म्हणजे कोण?”

मी म्हटलं, सर्व म्हणजे सर्वसाधारण. ते म्हणाले, लेखी द्या, तीन प्रतींत. मी लेखी दिलं, की सदर ‘सर्व’ ह्या शब्दात साहेबांचा समावेश अभिप्रेत नाही. तो कागद दुसऱ्या दिवशी परत आला. शेरा होता: ‘साहेब सर्वांत नाहीत काय? खुलासा अस्पष्ट. पुन्हा सादर करावा.’ मग मी लिहिलं, की साहेब सर्वांत आहेत, परंतु फजितीत नाहीत. त्यावर शेरा: ‘सरकारी नोकराने वृत्तपत्रात लिहिण्यापूर्वी परवानगी घेतली होती काय?’ घेतली नव्हती. म्हशींच्या वेळीही घेतली नव्हती, पण म्हशींचं नाव आभारात नव्हतं.

असे तीन आठवडे गेले. कार्बनचे कागद माझ्या बोटांना निळे करून गेले. बढतीच्या यादीत ह्या वर्षी माझं नाव होतं. ते यादीत राहणार की नाही हे त्या खुलाशावर होतं. रखमाजीचा गुडघा हळूहळू माझ्या डोक्यातून उतरून फायलीत जाऊन बसला.

आणि एक दिवस आनंदराव पुण्याचं वर्तमानपत्र फडकवत धावत आले. कंपनीची पाव पान जाहिरात होती. मधोमध ठळक अक्षरांत:

‘“शेवटपर्यंत खुर्चीवरून उठवत नाही!... त्या पडण्याला तोड नाही!” – भोरचे सुप्रसिद्ध समीक्षक’

मी एकदा वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. मग, आता खोटं कशाला बोलू, तिसऱ्यांदा फक्त ‘सुप्रसिद्ध’ एवढंच वाचलं.

संध्याकाळपर्यंत भोर बदललं. न्हावी घरी आला आणि त्याने दोन्ही बाजू सारख्या करून दिल्या. चिमाजीअप्पा ओसरीवर परतले. साहेब म्हणाले, “या समीक्षक!” माझी फाईल त्यांनी पेपरवेटखाली ठेवली. बंद मात्र केली नाही.

त्या जाहिरातीनंतर पुण्याच्या समीक्षकांचंही लक्ष त्या भोयाकडे गेलं. एकाने लिहिलं, की अवघ्या चित्रपटात निर्मळ विनोद कुठे असेल तर तो ह्या अनामिक पालखीवाल्यापाशी. दुसऱ्याने तर कमाल केली. ‘त्याच्या चेहऱ्यावरील वेदनेची नक्कल इतकी हुबेहूब आहे, की क्षणभर ती खरीच वाटावी!’ हा मनुष्य एका कॉलेजात नाट्यशास्त्र शिकवतो.

मी खुलाशाचं पत्र लिहून काढलं. माझी वाक्यं तोडली आहेत, पूर्ण वाक्य असं आहे, तो माणूस असा आहे, सगळं. पाकिटावर पत्ताही घातला.

“टाकलंत का पत्र?” हिने दोन दिवसांनी विचारलं.

“परवानगी लागते ग. सरकारी नोकर आहे मी.”

“परीक्षणाला नव्हती लागली ती?”

ह्या बाईने वकिली करायला हवी होती. ती चुलीपाशी बसून राहिली हे अनेक न्यायाधीशांचं भाग्य. पत्र माझ्या टेबलाच्या खणात राहिलं.

फेब्रुवारीत चित्रपटाचा पंचविसावा आठवडा लागला. कंपनीने ठरवलं, की भोरला सत्कार समारंभ करायचा, आणि त्या पालखीवाल्याला शाल-श्रीफळ द्यायचं. अध्यक्ष साहेब. कलावंताचा परिचय करून देणार सुप्रसिद्ध समीक्षक. “आणि त्याला आणायचं कामही तुमच्याकडेच,” साहेब म्हणाले. “तुमच्या ओळखीचा आहे ना? लिहिलंत तसं.”

एस.टी.ने कापूरहोळ, तिथून दुसऱ्या गाडीने मार्गासनी, आणि पुढे पायी, असा मी गुंजवण्याला पोचलो. रखमाजी अंगणात सुंभ वळत बसला होता. पाय पुढे लांब पसरलेला, ओंडका ठेवावा तसा. भाताच्या लावणीला त्याला चिखलात उभं राहता आलं नव्हतं. त्या वर्षीची लावणी बाळाबाईने आणि तिच्या भावाने उरकली होती, आणि तीही सगळी झाली नव्हती.

मी समारंभाचं सांगितलं. शालीचं सांगितलं. बाळाबाईने मला चहा दिला आणि उंबऱ्यात बसली.

“त्यी कंपनीवाली येनार का तितं?”

“मॅनेजर स्वतः येणार आहेत.”

“मंग त्येस्नी सांगा की. पुन्याला मोठा दवाखाना हाय म्हनत्यात. वाटी बशिवत्यात म्हनं. आमाला शाल नगं. तेवडा पाय दावा म्हनावं. तुमाला बोलाय येतं, आमाला न्हाई येत.”

“सांगतो,” मी म्हणालो. “तिथेच, सगळ्यांसमोर सांगतो. भाषणच माझं आहे.”

रखमाजीने पहिल्यांदा सुंभ खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “सांगा, भाऊसाहेब. लई उपकार हुतील.”

परतीच्या वाटेवर मी भाषण मनात जुळवत आलो. जुळलंही होतं. राजगड मागे होता, वारा होता. त्या वाटेवर मी फार उत्तम बोललो.

समारंभ गोदामाच्या अंगणात, दुपारी चार वाजता. बाकं मांडलेला मांडव, बांबूचं स्टेज, बॅटरीवर चालणारा कर्णा. सगळं भोर लोटलं होतं. मॅनेजर बारीक मिशीचे, गळ्यात रेशमी रुमाल. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “तुमच्या दोन ओळींनी आमचे चार आठवडे वाढवले, साहेब!” मी हात सोडवून घ्यायला हवा होता. त्यांनीच सोडला.

“आणि आता,” मी कर्ण्यात म्हणालो, “ज्यांच्यासाठी आपण जमलो ते श्री. रखमाजी...”

रखमाजी स्टेजच्या पायऱ्या चढू लागला. काठी आधी, मग चांगला पाय, मग दोन्ही हातांनी उचलून तो दुसरा पाय. पहिल्या पायरीला मांडवात खसखस पिकली. दुसऱ्या पायरीला लोक खदखदले. तिसऱ्या पायरीला टाळ्या पडल्या. कोणीतरी ओरडलं, “आला, आला, आता पडतोय बघा!” चिमाजीअप्पा पहिल्या रांगेत मांडीवर थापा मारत होते.

शाल घातली, नारळ दिला. मग मॅनेजर पुढे झाले आणि कर्णा स्वतःकडे वळवून म्हणाले, “रसिकहो, कलावंत समोर आहे. एकदा ते पडणं प्रत्यक्ष बघायचं का?”

मांडव उसळला. “एकदा! एकदा!”

रखमाजीने नारळ छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. खाली बायकांत बाळाबाई उभी राहिली होती. तीही माझ्याकडेच बघत होती. मी कर्णा ओढला.

“मंडळी!” मी म्हणालो. आवाज चांगला लागला होता. “मंडळी, थांबा. ह्या माणसाचा गुडघा—”

माझ्या कोटाला मागून हलकेच हिसका बसला. साहेब खुर्चीवरून जराही न उठता, हसऱ्या चेहऱ्याने, मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाले, “सावळाराम, तुमचा खुलासा अजून माझ्या टेबलावर आहे. उद्या यादी वर जाते.”

अंगण शांत झालं होतं. सगळे वाट बघत होते. मला वाटतं, आयुष्यात एवढे लोक माझ्या एका शब्दासाठी पुन्हा कधी थांबणार नाहीत.

“—ह्या माणसाचा गुडघा,” मी म्हणालो, “आज जरा दुखतोय.”

लोक हिरमुसले. “अरेरे” असा आवाज निघाला. मॅनेजर म्हणाले, “काही हरकत नाही, मग पुढच्या वेळी!” आणि तेवढ्यात रखमाजी कर्ण्याकडे सरकला. कर्ण्यात कसं बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं. तो फार जवळ गेला. त्याचा श्वास साऱ्या अंगणात ऐकू आला.

“आज न्हाई,” तो म्हणाला. “चौदा म्हयनं झालं.”

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग पहिल्या रांगेतून कोणीतरी फुटलं, आणि पाहता पाहता सगळा मांडव हसायला लागला. काय टायमिंग, म्हणाले मॅनेजर, आणि त्यांनी डोळे पुसले. साहेब हसले. हसला नाही असा एकही माणूस मला स्टेजवरून दिसेना. बाळाबाई दिसली नाही. ती खाली बसली असावी.

समारंभानंतर मी स्टँडवर धावलो. गाडी लागली होती. रखमाजी पायरीशी उभा राहून पाय उचलायच्या तयारीत होता. शाल काठीला गुंडाळलेली होती. मी पुढे होऊन त्याच्या काखेत हात घातला.

“ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब,” बाळाबाई म्हणाली. तिने माझा हात बाजूला केला. जोरात नाही, चुलीवरचं भांडं बाजूला करावं तसा. “आमचं आमी बघतो. तुमी लिवा जावा.”

मी लिहिलं. आनंदरावांना समारंभाचं वृत्त हवंच होतं. ‘समारंभ खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला,’ असं लिहिलं. खुलासा मंजूर झाला. प्रकरण दप्तरी दाखल झालं. यादीत माझं नाव राहिलं, आणि जूनपासून मी वरिष्ठ कारकून आहे.

हिला मी सगळं सांगितलं होतं.  ती एवढंच म्हणाली, “निदान आता तरी कंपनीला लिहा. त्याला नाही ना लागत परवानगी?” नव्हती लागत. मी लिहिलं, अगदी मनापासून लिहिलं. गुडघा कधी मोडला, कसा मोडला, पुण्याच्या दवाखान्यात नेण्याची व्यवस्था कंपनीने करावी ही नम्र विनंती. हे पत्र मी स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं. सव्वा महिन्याने उत्तर आलं. जाड, गुळगुळीत पाकीट. आत चिठ्ठी नव्हती. ‘सुखाची सनद’चे दोन पास होते. पुणे, दुपारचा खेळ, पहिला वर्ग.

ते गुंजवण्याला नेऊन द्यायला मला तोंड नव्हतं. फाडून टाकायलाही हात होईना. आठ दिवस ते फडताळावर पडून होते. नवव्या दिवशी चिमाजीअप्पांनी पाहिले.

“वाया कशाला घालवता? द्या इकडे. मी नि आमची मंडळी जाऊन येतो.”

मी दिले.

पुण्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी अप्पा ओसरीवर आले, पान जुळवलं, आणि समाधानाने म्हणाले, “सावळाराम, चौथ्यांदा पाहिला हो. पगडीचं मेलं आता काही वाटत नाही. पण ते पडणं! अजून तितकंच हसू येतं बघा.”

आतून भाकरीचा आवाज थांबला.

“हो,” मी म्हणालो, “येतं.”